घाई नको, बरव्यानं पुसा

माझ्या बायकोच्या मामांइतका यंत्रांशी अदबीनं वागणारा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. लोक देवाला हात जोडतात, साहेबाला जोडतात, फार तर पोलिसाला जोडतात. मामा मिक्सरला जोडत. पंख्याचा उल्लेख ते कधी एकेरी करत नसत. "ते आज जरा थकलेत, दोनावरच चालू द्या," असं म्हणाले की उन्हाळ्यातसुद्धा आम्ही मुकाट घाम गाळत बसायचं. घरातला फ्रिज सव्वीस वर्षांचा होता आणि त्याचं दार लावताना मामा आतल्या कोथिंबिरीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात 'येतो' म्हणत. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, मामींशी बोलताहेत. मामी मागच्या अंगणात होत्या.

याला कारण त्यांची नोकरी. छत्तीस वर्षं ते कुंभकोणमच्या टेलिफोन एक्स्चेंजात बिघडलेल्या लाइनी तपासायच्या कामावर होते. कानाला रिसिव्हर लावायचा, 'हलो' तीनदा म्हणायचं, आणि लाइन काय सांगते ते ऐकायचं, एवढंच छत्तीस वर्षं केलेला माणूस तो. खरखर आली तर कुठं पाणी शिरलंय, घुमल्यासारखं झालं तर कुठला सांधा सैल आहे, हे ते खुर्चीतून न उठता सांगत. लाइन खोटं बोलत नाही, आपण तिला नीट पुसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. निवृत्त झाल्यावर तो त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला लावला. ट्रंक कॉलच्या काळापासून जडलेली आणखी एक सवय म्हणजे तीन मिनिटं झाली की फोन ठेवायचा. पलीकडचा माणूस बोलत असो की आपण, वाक्य पुरं होवो की न होवो. आता फोनला कुणी मिनिटं मोजत नाही, हे त्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. माझे वडील वारले तेव्हा त्यांनी सांत्वनाला फोन केला होता, तो 'माणसानं अशा वेळी' इथं तुटला. अशा वेळी माणसानं काय करावं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता त्या 'पुसण्या'विषयी सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दानं घडवलं. मी साताऱ्याकडचा. इथल्या एका कॉलेजात संगणक शिकवायला आलो आणि इथलाच होऊन बसलो. बायकोचं माहेर म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या मागोमाग तंजावरला उतरलेलं एक घराणं. बाहेर सगळे तमिळ बोलतात, आणि उंबरठ्याच्या आत आले की अशी मराठी बोलतात की आमच्या साताऱ्याच्या पणजोबांनीही कान टवकारावेत. आमच्याकडे आता पुसतात ती फरशी, आणि विचारतात तो प्रश्न. यांच्या घरात प्रश्न पुसतात आणि फरशीला फडकं मारतात. आमच्याकडे ते जुनं पुसणं 'त्याला कोण पुसतो?' एवढ्यापुरतं शिल्लक आहे, बाकी संपलं. लग्नाच्या दिवशी, मी नवाकोरा नवरदेव, मामा जवळ आले आणि मोठ्या अगत्यानं म्हणाले, "जावई, तुम्हास एक पुसू का?" मला वाटलं कपाळाचं कुंकू ओघळलं असणार. मी डोळे मिटून तोंड पुढं केलं. भर मांडवात. त्यानंतर चौदा वर्षं, कुठल्याही कार्याला गेलो की कुणी ना कुणी म्हातारी रुमाल काढून मला 'पुसू का?' म्हणतेच. म्हणजे हा शब्द मला माहीत नव्हता असं मला कोणत्याही कोर्टात म्हणता यायचं नाही.

मामी तिरुविसनल्लूरच्या. बुटक्या, ठसठशीत, आणि जिभेला धार. मूलबाळ झालं नाही. तिरुक्करुगावूरच्या देवळातलं तूप किती वर्षं आणलं, किती खाल्लं. शेवटी मामीच म्हणाल्या की देवीनं मला बाळ दिलं नाही, वजन दिलं. असं बोलून त्या स्वतः हसत आणि मामा तेवढा वेळ भिंतीवरचं घड्याळ बघत. दोघांच्या घरात बोलायला तिसरं कुणी नाही, म्हणून म्हणा किंवा लाइन तपासायची सवय सुटेना म्हणून म्हणा, निवृत्तीनंतर मामांनी एक रिवाज सुरू केला. रोज सकाळी कॉफी झाली की मामींना एक प्रश्न पुसायचा. एकच. तो आधी वहीत लिहायचा, मग फोन पितळी टंबलरला टेकवून उभा करायचा आणि मामींचं उत्तर त्यात भरून घ्यायचं, आणि रात्री ते घरातल्या कॉम्प्युटरवर उतरवून फोनमधून काढून टाकायचं. तुझ्या आजीनं पाहिलेला सगळ्यात मोठा पूर कोणता? लहानपणी तुला कोणत्या झाडाची भीती वाटे? चिंचेच्या कोळात गूळ किती? या शेवटच्याला मामींचं उत्तर 'हातास कळेल तितका' असं होतं, आणि त्यावर मामांनी दुसऱ्या दिवशी 'हातास कधी कळतं?' असा पुढचा प्रश्न ठेवला होता. उत्तर मिळालं की वहीत बरोबरची खूण. अशी सहा वर्षं. एकही दिवस चुकला नाही, मामी चिडलेल्या असल्या तरी नाही. चिडलेल्या असल्या तर उत्तर जास्त लांब येई.

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. आजार म्हणावा असा काही नव्हता. कॉफीचं पाणी ठेवलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या, त्या बसल्याच. मामांनी तेरा दिवस सगळं रीतसर केलं, आणि चौदाव्या दिवसापासून रोज कॉफीच्या वेळी जुन्या कॉम्प्युटरवर मामींचं एक उत्तर ऐकायला लागले. पहिल्या दिवसापासून ओळीनं, रोज एकच. म्हणजे आणखी सहा वर्षं पुरेल इतकी मामी त्यांच्याकडे होती. हा हिशेब त्यांनीच मला सांगितला, आणि सहा वर्षांनंतर काय, असं मी काही विचारलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

यंदा तो जुना कॉम्प्युटर बंद पडला. मामींचा सगळा आवाज होता ती आतली डिस्क तेवढी शाबूत होती. एवढ्या वर्षांचा आवाज, आणि त्याची प्रत एकच. मी मामांना म्हटलं, घरातच एक छोटा सर्व्हर उभा करू. आत एकसारख्या दोन मोठ्या डिस्क घालू, एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही उमटेल. एक गेली तरी दुसरी आहे. शिवाय चेन्नई-बंगळूरची भाचरंडंही आपापल्या घरून मामीला ऐकतील. हे सगळं माझं डोकं, कबूल करून टाकतो. मामांना यातलं 'दुसरी आहे' एवढंच पटलं. यंत्र आलं. डिस्क मात्र मामांनी स्वतः निवडल्या, जुन्या डिस्कच्याच कंपनीच्या आणि तेवढ्याच आकाराच्या, कारण सोयरिकीला घराणं एक असलेलं बरं. जुनी डिस्क देवाच्या कपाटात ठेवा, सगळं नीट चाललं की शेवटी ती जोडून नक्कल करून घेऊ, असं मी बजावलं. त्यांनी मान डोलावली. मामांची मान हा स्वतंत्र विषय आहे. ती होकाराला आणि 'ऐकलं बुवा' याला सारखीच डोलते.

यंत्र काही उठेना. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ, की उठण्याजोगं काही सापडत नाही. मामांनी ती ओळ टेलिफोन खात्याच्या इंग्रजीत तीनदा खणखणीत वाचली, जणू पलीकडून कुणी उत्तर देणार आहे. सिस्टिम बसवायला लावलेला पेनड्राइव्ह मी तपासला. सिस्टिमची फाइल मामांनी त्यावर अगदी प्रेमानं ठेवली होती, डब्यात लाडू ठेवावा तशी. तशी ठेवून चालत नाही, पेनड्राइव्ह त्या फाइलीतून नव्यानं घडवावा लागतो. तो घडवेपर्यंत राहुकाळ लागला आणि मामांनी बटणावर तळहात ठेवला. दीड तास कुणी हात लावायचा नाही. राहुकाळ सुटला, तरी काळा पडदाच. मी पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं घडवला होता आणि यंत्राला नवी पद्धत हवी होती. दुसऱ्या दिवशी तेही केलं, सिस्टिमसाठी आत वेगळी छोटी डिस्क होती तिच्यावर सिस्टिम बसली, मी विजयी मुद्रेनं पेनड्राइव्ह उपटला, यंत्र बंद करून चालू केलं, आणि पुन्हा तीच पांढरी ओळ. ते सिस्टिमच्या छोट्या डिस्ककडे न बघता आधी मोठ्या कोऱ्या डिस्कपाशी जाऊन दार ठोठावत बसलं होतं. मामा म्हणाले, बिचारं जागं झालंय हो, पण कोणत्या कुशीवर उठायचं तेच त्यास कुणी सांगितलं नाही. माझं डोकं सटकलं. मी कॅबिनेटवर चापट मारली. मामांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि रागानं पुसल्यास कोण सांगेल, एवढंच म्हणाले.

उठायचा क्रम मी बदलून दिला आणि पाचव्या दिवशी यंत्र उठलं. त्या सकाळी गेलो तर कॅबिनेटला कुंकू लावलेलं, समोर लिंबू, वर मोगऱ्याचा गजरा, आणि तोही बरोबर हवा बाहेर पडायच्या जाळीवर. मामा न्हाऊन, कपाळाला गंध लावून बसलेले. मी गजरा सरकवला आणि कामाला लागलो. दोन मोठ्या डिस्क पडद्यावर दिसत होत्या. पहिली कोरी. दुसरीवर मात्र आधीपासूनच काहीतरी आहे, असं यंत्र म्हणत होतं. माझ्या मनात दुकानदाराविषयी पहिल्यापासून किंतु होता. एका खोक्याचं सील फुटलेलं मी पाहिलं होतं. वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारला, दुसरं काय. पाच दिवसांचा वैताग, पोटात कावळे, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. मी मान न वळवता म्हटलं, "मामा, ही दुसरी आधीची वापरलेली दिसतेय. पुसू का?"

मामांचा चेहरा उजळला हे मला पडद्याच्या काचेत दिसलं. आजही दिसतं.

"पुसा की, जावई," ते म्हणाले. "घाई नको, बरव्यानं पुसा."

मी पुसलं. यंत्रानं मला दोनदा हटकलं, की यावरचं सगळं जाईल, नक्की ना. मी दोन्हीदा हो म्हटलं. घाई नको असं त्या सकाळी मला मामांनीही सांगितलं आणि यंत्रानंही, आणि मी दोघांचंही ऐकलं नाही. डिस्क पुसून झाली, मी जोडी लावून दिली, आणि कोऱ्या डिस्कसारखी दुसरी करून घ्यायचं काम यंत्रानं सुरू केलं. याला वेळ लागेल, तोवर जेवू, असं मीच म्हणालो. मामांनी स्वतः रांधलं होतं. डांगर पचडी, चिंचेचं वत्तकोळंबू, अप्पळम म्हणजे आपला पापड. पानावर आग्रह करकरून वाढलं. जेवताना ते एवढे खुशीत होते की मामी गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, यंत्र उठलं म्हणून. मी दोनदा भात घेतला.

हात धुऊन मामा आत गेले. नवी वेष्टी नेसून, वही घेऊन बाहेर आले, यंत्रासमोर पाट मांडून बसले, आणि वही मांडीवर उघडून त्यांनी मला पुसलं, "आता बोलेल का ती?"

"कोण?"

"तुमची मामी. तुम्ही पुसत होता नव्हे तिला?"

मी देवाच्या कपाटाकडे पाहिलं. मग धावत जाऊन उघडलं. आत एक डिस्क होती, कोरी करकरीत, प्लास्टिकमधली. मामांनी आदल्या संध्याकाळी ती यंत्रातून काढून तिच्या जागी मामींची बसवली होती. नव्या घरात आधी घरच्या बाईनं शिरायचं असतं. भाडेकरू मागून येतात. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलंच नसतं. मी वायर भिंतीतून उपटली. पण दीड तास आम्ही जेवत होतो, आणि दीड तास ते यंत्र मामींच्या आवाजावर कोरेपणा ओतत होतं. आवाजाच्या फायली डिस्कच्या सुरुवातीलाच होत्या. त्या पुसल्या जायला तर घासभर भात संपण्याइतकाही वेळ लागला नसेल.

मी त्यांना सांगितलं. पुसणं म्हणजे आमचं पुसणं. पाटीवरचं पुसतात ते. मामांनी वहीवरून एकदा हात फिरवला. मग वही मिटली. मला वाटलं, ओरडतील. ओरडायला हवे होते, मला बरं वाटलं असतं. पण मी रडतोय हे बघून त्यांनी अंगावरचं उपरणं माझ्यापुढं केलं. "तुमची चूक नव्हे, जावई," ते म्हणाले. "क्रॉस कनेक्शन झालं."

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी उचलला. पलीकडून हलो नाही, काही नाही, फक्त श्वास. मीही बोललो नाही. तीन मिनिटं झाली. चार झाली. सहा मिनिटं तो माणूस फोन धरून बसला आणि मग ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तीन मिनिटांची शीव ओलांडली होती, आणि ती एकही शब्द न बोलता.

डिस्क चेन्नईला एका जाणकाराकडे पाठवली. ती गेली आणि मामा बदलले. पंखा सरळ पाचावर लावू लागले. मिक्सर बटण दाबून सुरू करत, हात न जोडता. फ्रिजचं दार धाडकन लावत. कुणाला काही पुसेनात, भाजीवालीला भावसुद्धा नाही. ती देईल ती भाजी घेऊन येत. बायको म्हणाली, मामांना डॉक्टरकडे नेऊ. नेऊन सांगायचं काय? माणूस फ्रिजशी बोलत नाही म्हणून? त्यांच्या वहीत सहा वर्षांचे प्रश्न ओळीनं लिहिलेले होते, प्रत्येकापुढं बरोबरची खूण, आणि उत्तर एकाचंही नाही. मला त्या घरात पाय टाकायचा धीर होईना. तरी रोज जायचो. ते दार उघडत, कॉफी देत आणि घड्याळ बघत बसत.

महिन्यानं डिस्क परत आली. सगळ्या डिस्कवरून एकच फाइल वाचली होती, कुठं तरी लांब कोपऱ्यात पडलेली. अकरा सेकंदांची. ती उत्तराची नव्हतीच. मामांनी फोन टंबलरला टेकवता टेकवता चुकून आधीच चालू केला असणार. आम्ही ती त्या सर्व्हरवर लावली. मामा उभे होते, बसायला तयार नव्हते. आधी टंबलर खणकला. मग मामींचा आवाज आला, तोच, धारेचा.

"रोज मजलाच काय पुसता? मी गेल्यावर तुम्हास कोण पुसेल, ते पुसून ठेवा आधी."

त्यामागं मामांचा आवाज, घाबराघुबरा, की अगो, हे भरून होतंय. मामी म्हणाल्या, होऊ दे. आणि संपलं.

मामांनी ती तीनदा ऐकली. मग यंत्राला हात जोडले, आत गेले, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत राहिला. बायको उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिलो.

आता त्या एवढ्या मोठ्या सर्व्हरवर मामींची अकरा सेकंदं आहेत. बाकी सगळी जागा माझ्या अंगावर येते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या कॉफीच्या वेळी, मी फोन केला आणि त्यांच्याच बोलीत म्हणालो, मामा, एक पुसू का? पलीकडं टंबलर खाली टेकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, पुसा की. घाई नको. तेव्हापासून मी रोज एक पुसतो. वही मामांनी माझ्याकडेच दिली आहे. त्यातलेच प्रश्न, ओळीनं. मामीच्या आजीनं पाहिलेला सगळ्यात मोठा पूर कोणता? मामी कोणत्या झाडाला भीत? त्यांना आठवतं तेवढं ते सांगतात, आठवत नाही तिथं थांबतात, कधी मामींच्या सुरात सांगायला लागतात आणि मध्येच ओशाळतात. हल्ली थांबणं जरा वाढलंय. आणि उत्तर रंगात येतं न येतं तोच तीन मिनिटं होतात आणि फोन ठेवतात. ती खोड काही गेली नाही. मी तेवढं अर्धं उत्तर तीन ठिकाणी जपून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं पुसतो.